नास्कार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या मालिकेत एका ऑल-स्टार शर्यतीत गुण मिळत नाहीत, मग ती भरवतात कशाला? आणि तिचे नियम दरवर्षी का बदलतात?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहायला आल्यापासून मी ही शर्यत न चुकता बघतो. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्या मते एकच आहे: गुण नाहीत म्हणूनच तिचे नियम मनासारखे बदलता येतात, आणि गुण नाहीत म्हणूनच ती बघावी.

नास्कारच्या मुख्य मालिकेत हंगामभरात 36 शर्यती असतात आणि प्रत्येकीत क्रमांकानुसार गुण मिळतात. त्यामुळे ड्रायव्हर हिशोबाने चालवतो. जिंकणं जमत नसेल तर पाचवा नंबर पदरात पाडून गाडी शाबूत घरी नेतो. मे महिन्यातल्या या एका शर्यतीत तो हिशोब उरत नाही. जिंकणाऱ्याला दहा लाख डॉलर मिळतात. कुस्तीच्या भाषेत सांगायचं तर बाकीचा हंगाम गुणांवरचा आणि ही कुस्ती निकाली.

2025 पर्यंत प्रवेशही सरसकट नसायचा. गेल्या किंवा चालू हंगामात शर्यत जिंकलेले, आणि पूर्ण हंगाम चालवत असलेले या शर्यतीचे किंवा मालिकेचे जुने विजेते थेट यायचे. उरलेल्यांसाठी आधी ‘ओपन’ नावाची छोटी शर्यत व्हायची, तिथून वरचे मोजके आत जायचे. एक जागा प्रेक्षकांच्या मतांवर ठरायची. 2008 साली केसी केन असाच मतांवर आत आला आणि थेट मुख्य शर्यतच जिंकला!

सुरुवातीची गोष्ट सिगारेटपासून आहे. 1971 पासून अमेरिकेत टीव्ही-रेडिओवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या आणि आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीकडे जाहिरातीचा पैसा पडून राहिला. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्क्स काउंटीचा ज्युनियर जॉन्सन, माजी ड्रायव्हर आणि संघमालक, आपल्या गाडीसाठी प्रायोजक शोधत त्यांच्याकडे गेला. हा माणूस तरुणपणी घरची चोरटी दारू गाडीतून पोचवायचा आणि त्यापायी तुरुंगातही जाऊन आला होता. कंपनीकडे एका गाडीपुरता नव्हे, अख्ख्या मालिकेपुरता पैसा आहे हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने त्यांना नास्कारची वाट दाखवली. मालिकेला ‘विन्स्टन’ या सिगारेटचं नाव लागलं. 1985 साली त्याच कंपनीने शार्लटला ही नवी शर्यत सुरू केली, तिचं नावही ‘द विन्स्टन’.

पहिल्या वर्षी फक्त 12 ड्रायव्हर होते, सगळे 1984 च्या हंगामात शर्यत जिंकलेले. 70 फेऱ्या, पहिलं बक्षीस 2 लाख डॉलर. शेवटच्या फेऱ्यांत डॅरेल वॉलट्रिपने हॅरी गँटला गाठून मागे टाकलं आणि रेषा ओलांडताच त्याच्या गाडीचं इंजिन फुटलं. गाडी कुणाची? ज्युनियर जॉन्सनची. ते इंजिन आपसूक फुटलं की तपासणी टाळण्यासाठी फोडलं, यावर इथली जुनी माणसं अजून तावातावाने बोलतात. दुसऱ्या दिवशी त्याच ट्रॅकवरची 600 मैलांची शर्यतही वॉलट्रिपनेच मारली.

1986 ला शर्यत अटलांटाला नेली, पण प्रेक्षकच फिरकले नाहीत. परत शार्लटला आणली ती टप्पे पाडून: 75, 50 आणि शेवटच्या 10 फेऱ्या. या शेवटच्या दहा फेऱ्यांनीच शर्यतीला तिचा स्वभाव दिला. 1987 ला त्या दहा फेऱ्यांत बिल एलियटशी घासाघीस होऊन डेल अर्नहार्टची गाडी गवतात घसरली, तरी त्याने आघाडी सोडली नाही. लोक त्याला ‘पास इन द ग्रास’ म्हणतात. खरं तर तिथे कुणी कुणाला ओलांडलंच नव्हतं, अर्नहार्ट आधीपासून पुढेच होता.

पण एकच जुनी शर्यत बघायची तर 1992 ची बघा. शार्लटच्या दीड मैलांच्या ट्रॅकवर दिवे बसवून ती पहिल्यांदाच रात्री झाली. शेवटच्या फेरीत अर्नहार्ट पुढे, मागे काइल पेटी, त्याच्यामागे डेव्ही अ‍ॅलिसन. तिसऱ्या वळणावर अर्नहार्टची गाडी गरकन फिरली. पेटी आणि अ‍ॅलिसन दाराला दार लावून रेषेकडे आले आणि अ‍ॅलिसन अर्ध्या गाडीने जिंकला. जिंकला त्याच क्षणी दोन्ही गाड्या घासल्या आणि त्याची गाडी भिंतीवर आदळली. त्याला हॉस्पिटलात नेलं. विजेत्याच्या जागेवर त्या रात्री विजेता नव्हता. कितव्यांदा बघितली तरी तो आवाज ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो.

आता नियम बदलण्याचं. नियम केला की संघ त्यातली फट शोधतात. 2012 ला टप्प्यांच्या विजेत्यांना शेवटच्या 10 फेऱ्यांआधी पुढची जागा मिळणार होती. जिमी जॉन्सनने पहिला टप्पा जिंकला आणि मग मागे जाऊन गाडी जपत निवांत फिरत राहिला. शेवटी पुढे येऊन शर्यत खिशात घातली. पुढच्या वर्षी लगेच सगळ्या टप्प्यांची सरासरी धरायला लागले. तरी 2013 लाही तोच जिंकला. चार विजेतेपदं आहेत त्याच्या नावावर, सर्वांत जास्त. माझं प्रामाणिक मत असं की गेल्या काही वर्षांत नियम गरजेपेक्षा किचकट केलेत. शेजारी बसलेल्या नवख्याला समजावता समजावता दोन फेऱ्या होऊन जातात.

2020 पासून जागाही फिरती झाली: साथीमुळे आधी ब्रिस्टल, मग दोन वर्षं टेक्सस, आणि 2023 ते 2025 नॉर्थ विल्क्सबरो. हे गाव विल्क्स काउंटीतलं, म्हणजे ज्युनियर जॉन्सनच्या घरचं अंगण. तिथला ट्रॅक 1996 नंतर बंद पडून रानाने भरला होता. डिसेंबर 2019 मध्ये डेल अर्नहार्टचा मुलगा डेल अर्नहार्ट ज्युनियर माणसं घेऊन तिथे तण उपटायला गेला, कॉम्प्युटरवरच्या शर्यतीसाठी ट्रॅकची मापं घ्यायची होती म्हणून. त्याच महिन्यात ज्युनियर जॉन्सन गेला. ट्रॅक जिवंत झालेला त्याला बघायला मिळाला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

2023 ला मी तिथे होतो. जेमतेम 0.625 मैलांचा ट्रॅक, समोरची सरळ बाजू उताराची, मागची चढाची. डांबर 1981 चं, सँडपेपरसारखं, टायर खाऊन टाकणारं. जुन्या इमारतींवरचा उडालेला रंग मुद्दाम तसाच ठेवलेला. काइल लार्सनला सुरुवातीलाच पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या आणि इंधन भरायच्या गल्लीत, वेगमर्यादा मोडल्याबद्दल मागे पाठवलं, तरी त्याने ती 200 फेऱ्यांची शर्यत एकहाती जिंकली. चुरस म्हणाल तर नव्हती. पण माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारबुवा कानावरचे हेडफोन काढून नुसते ऐकत बसले होते, सत्तावीस वर्षांनी.

2026 च्या वेळापत्रकात ही शर्यत डेलावेअरमधल्या डोव्हरला गेली आणि नॉर्थ विल्क्सबरोला त्या बदल्यात जुलैमध्ये खरी, गुणांची शर्यत मिळाली. माझा ओढा आता त्या जुलैकडेच आहे.