परत आलेल्या पुस्तकाची नोंद

चि. — हिस अनेक आशीर्वाद.

तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झालीस आणि पहिल्याच महिन्यात दोन पेच समोर आले, हे पत्रातून कळलं. एका सभासदाचे वडील काउंटरवर येऊन मुलगी काय काय नेते ते विचारून गेले. कार्यकारिणीतल्या एकांनी एक कादंबरी 'तूर्त आत ठेवा' म्हणून सुचवलं. अशा वेळी उभ्याउभ्या शहाणं उत्तर सुचत नाही. ते आधीच ठरावात लिहिलेलं असावं लागतं. आज मुख्यतः वाचकाच्या नोंदींबद्दल लिहिते, कारण तिथं बरंच काही तुझ्या एकटीच्या हातात आहे.

आधी तुमची पुस्तकांची देवघेव कशी चालते ते नीट पाहा. पुष्कळ जुन्या वाचनालयांत प्रत्येक सभासदाचं खातेवहीत एक पान असतं: वर नाव, खाली तारीख, पुस्तक, परत आल्याची सही. हिशेबाला सोयीचं, पण एका माणसानं दहा वर्षांत काय वाचलं ते एका पानावर कुणालाही दिसतं. त्यापेक्षा तारीखवार रजिस्टर बरं. ओळीत सभासद क्रमांक आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक (वाचनालयात दाखल होताना त्याला मिळालेला) एवढंच लिहायचं, नाव नाही, शीर्षक नाही. सभासदांची नावं वेगळ्या रजिस्टरात, आणि ते कुलपात. मग एखाद्याचं वाचन शोधायचं तर तीन रजिस्टरं जुळवत बसावं लागतं. सहज डोकावणाऱ्याचा उत्साह तिथंच मावळतो.

ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात देवघेवीच्या ब्राऊन आणि नेवार्क पद्धती शिकली असशील. परीक्षेत दोन्हींचे फायदे-तोटे लिहायला लावतात, पण खासगीपणाचा मुद्दा सहसा कुणी काढत नाही. नेवार्कमध्ये पुस्तकाच्या कार्डावर वाचकाचा क्रमांक आणि तारीख लिहितात. कार्ड भरत जातं आणि पुस्तक परत आलं की त्याच्याच खिशात जाऊन बसतं. आपल्याकडे तर क्रमांकाऐवजी नाव किंवा सही घ्यायची सवय आहे. पुढचा वाचक पुस्तक उघडतो तेव्हा आधी कुणी कुणी नेलं ते त्याला आयतं वाचायला मिळतं. ब्राऊनमध्ये लिहायचंच काही नसतं. पुस्तकाचं कार्ड वाचकाच्या खिसापत्रकात, म्हणजे खिशासारख्या तिकिटात, घालायचं, जोडी परतीच्या तारखेच्या मागे ट्रेमध्ये उभी करायची. पुस्तक आलं की जोडी सोडवायची, कार्ड पुस्तकात, पत्रक वाचकाच्या हातात. मागे काही उरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे कुणी खासगीपणासाठी केलं नव्हतं, लिहिण्याचा वेळ वाचावा म्हणून केलं होतं. तरी तुमची देवघेव रोजची शंभराच्या आत असेल तर ही पद्धत आजही चालेल. अडचणी दोन. जोडी चुकीच्या तारखेमागे गेली की पुस्तक कुणाकडे आहे ते शोधता शोधता नाकी नऊ येतात, म्हणून ट्रे दिवसातून एकदा दुसऱ्या माणसानं तपासावा. आणि दिवसाचा आकडा मागाहून मिळत नाही, म्हणून संध्याकाळी जोड्या ट्रेमध्ये लावण्यापूर्वी विषयवार मोजून दैनिक तक्त्यात लिहायच्या. तपासणीत देवघेवीचं प्रमाण बघतात ते या तक्त्यावरून दाखवता येतं. पद्धत बदलण्यापूर्वी मात्र जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना लेखी विचार. अनुदान 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मिळतं, रजिस्टरं त्याच्या तपासणीसाठी असतात, तिथं परस्पर काही करू नकोस.

संगणक असेल तर नोंद आपोआप साठते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कोहा ही ग्रंथालयांची संगणकप्रणाली वापरत असाल तर परत आलेल्या पुस्तकांचा इतिहास पुसण्याची सोय त्यात आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. आधी 'अनामिक' नावाचा एक खोटा सभासद तयार करायचा, त्याचा आतला क्रमांक 'ॲनॉनिमस पेट्रन' या सेटिंगमध्ये टाकायचा, मग ठराविक दिवसांनी जुन्या नोंदी त्याच्या नावावर वळवणारी आज्ञा रात्री चालेल अशी लावायची. तो क्रमांक भरला नाही किंवा चुकीचा भरला, तर ज्या वाचकानं 'माझा इतिहास ठेवू नका' असा पर्याय निवडलाय त्याचं पुस्तक परत घेतानाच अडतं. मग कर्मचारी वैतागून सगळी सोयच बंद करतात. दुसरं असं की इतिहास पुसला तरी कामकाजाच्या लॉगमध्ये, म्हणजे संगणकावर काय काय केलं त्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत, देवघेव राहू शकते. तो वेगळा साफ करावा लागतो. बॅकअपही जुने ठेवून भागत नाही: दोन वर्षांपूर्वीची प्रत कपाटातल्या हार्ड डिस्कवर असेल तर पुसलेलं सगळं तिथं जसंच्या तसं आहे.

किती दिवस ठेवायचं? पुस्तक बाहेर आहे तोवर नोंद हवीच. परत आल्यावर फाटलंय, पानं गेलीत असा वाद निघतो, त्याला महिनाभर पुरे. कागदी रजिस्टर मात्र त्या वर्षाची तपासणी आणि लेखापरीक्षण होईपर्यंत ठेवणं भाग आहे. त्यानंतर नव्वद दिवसांत नष्ट करायचं असा ठराव कार्यकारिणीकडून करून घे, आणि प्रत्येक वेळी नष्ट केल्याचं इतिवृत्तात नोंदव. रद्दीत घालू नकोस. रजिस्टराची पानं बाजारात भेळेच्या पुड्यांना जातात आणि गाव लहान असतं. फाडून, भिजवून लगदा कर.

हा ठराव आधीच असणं का महत्त्वाचं, ते नीट समजून घे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातल्या कलम 94 खाली न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेशानं कागद मागवू शकतो. प्रत्येक वेळी न्यायालयाचं वॉरंट लागतं ही समजूत चुकीची आहे. आदेश आला आणि नोंद कपाटात असली, तर ती द्यावी लागते. आदेश आल्यावर, किंवा येणार अशी कुणकुण लागल्यावर नोंद नष्ट केलीस तर तो पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा होईल. नेमाप्रमाणे आधीच नष्ट झालेली नोंद मागितली, तर 'ठराव अमुक, तारीख अमुक, नोंद उपलब्ध नाही' एवढं लिहून देता येतं आणि ते खरं असतं.

साध्या वेशातला कुणी येऊन तोंडी विचारू लागला तर सौजन्यानं बसव, चहा सांग, आणि मागणी लेखी द्यावी अशी विनंती कर. कागद आला की कोणत्या कार्यालयाचा, कोणत्या कलमाखाली, कुणाच्या सहीचा आणि नेमकं काय मागितलंय, हे पाहा. आवक क्रमांक टाक, अध्यक्ष आणि कार्यवाहांना त्याच तासाला कळव, संस्थेच्या वकिलांना दाखवल्याशिवाय काही देऊ नकोस. एका दिवसाची एक नोंद मागितली असेल तर तेवढीच प्रमाणित प्रत द्यायची. अख्खं रजिस्टर उचलून दिलं तर त्यात बाकीच्या चारशे जणांचं वाचनही जातं. शिपाई आणि सहायकांनाही बजावून ठेव: त्यांनी फक्त 'ग्रंथपालांना बोलावतो' म्हणायचं. चूक बहुधा काउंटरवरच्या मदत करू पाहणाऱ्या माणसाकडूनच होते.

अमेरिकेत 2005 मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या 27 ग्रंथालयांची संगणकव्यवस्था सांभाळणाऱ्या लायब्ररी कनेक्शन या संस्थेला एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेनं नोंदी मागणारं असंच पत्र दिलं. त्यावर न्यायाधीशाची सही नव्हती, आणि पत्र मिळाल्याचं कुणाला सांगायचंही नाही अशी तोंडबंदी होती. जॉर्ज ख्रिश्चन, पीटर चेस, बार्बरा बेली आणि जॅनेट नोसेक या चौघांनी माहिती न देता न्यायालय गाठलं. 2006 मध्ये सरकारनं आधी तोंडबंदीचा आग्रह सोडला, मग मागणीही मागे घेतली. पण त्यांच्या मागे बरंच काही उभं होतं. तिथल्या 48 राज्यांत ग्रंथालयाच्या नोंदी गोपनीय ठेवणारे कायदे आहेत, ग्रंथपालांची संघटना 1939 पासून या भूमिकेवर ठाम आहे. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितलं, आणि काम संपल्यावर वैयक्तिक माहिती पुसावी हे तत्त्व 2023 च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात आहे. ठरावाच्या प्रस्तावनेत हे दोन्ही घाल. कार्यकारिणीला मग तो ग्रंथपालाचा हट्ट वाटत नाही.

खरं सांगायचं तर तालुक्याच्या गावात पोलीस क्वचित येतात. गुपित फुटतं ते आपल्याच हातून. थकलेल्या पुस्तकांची यादी नावं आणि शीर्षकांसह फलकावर लागते, नाहीतर वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते. घटस्फोटाच्या कायद्यावरचं किंवा एखाद्या आजारावरचं पुस्तक नेलेल्या बाईला त्यानंतर काय काय ऐकावं लागत असेल! आठवण ज्याची त्याला एकट्याला पाठवायची: 'आपल्याकडे एक पुस्तक आहे, मुदत संपली आहे.' फोन घरातल्या दुसऱ्या कुणी उचलला तर तेवढंही नको, 'वाचनालयातून फोन होता' पुरे. राखून ठेवलेल्या पुस्तकावर नाव लिहिलेली चिठ्ठी नको, सभासद क्रमांकाचे शेवटचे आकडे लिही. दंडाच्या पावतीवर दाखल क्रमांक घाल. सभासद करताना आधार कार्ड पाहून परत दे, झेरॉक्सचा गठ्ठा सांभाळायची गरज नाही. अभ्यासिकेतला कॅमेरा दारावर आणि सायकलींवर असू दे, टेबलावरच्या पुस्तकांवर आणि काउंटरच्या पडद्यावर नको.

आता त्या वडिलांचं. मुलगी अठरा वर्षांवरची असेल तर उत्तर एकच: 'सभासदाची माहिती आम्ही दुसऱ्या कुणाला देत नाही, तिलाच विचारा.' ती अभ्यासिकेत आली होती का, याचंही उत्तर तेच. मूल लहान असेल आणि पालकांनी अनामत भरली असेल तर किती पुस्तकं बाहेर आहेत आणि किती दंड झाला, हे सांगायलाच हवं. शीर्षकं मुलासमोर सांगावीत, मुलामागे नाहीत, असं माझं मत. काही जण इथं माझ्याशी सहमत नसतात.

कादंबरीचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. 'तूर्त आत ठेवा' या सूचनेला कागद नसतो, मुदत नसते, आणि आत गेलेलं पुस्तक वर्षभरात 'गहाळ' म्हणून निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून कायमच्या काढायच्या पुस्तकांच्या, यादीत निघतं. त्यामुळे निर्लेखनाला कारणाचा रकाना ठेव: जीर्ण, पानं गहाळ, जुनी आवृत्ती, यांपैकी काहीतरी लिहावंच लागेल. आक्षेपासाठी एक पानाचा अर्ज छाप. आक्षेप घेणाऱ्याचं नाव आणि सभासद क्रमांक, पूर्ण पुस्तक वाचलं का, कोणत्या पानावर हरकत, काय व्हावं असं वाटतं. तिघांच्या ग्रंथनिवड समितीनं तीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, आणि तोवर पुस्तक मांडणीवरच राहील. ही शेवटची अट अर्जावर ठळक छाप, सगळा अर्ज तिच्यासाठीच आहे. आक्षेप कार्यकारिणीतल्या सदस्याचा असला तरी अर्ज हाच.

कुणी 'यावर बंदी आहे' म्हणालं तर राजपत्रातल्या अधिसूचनेचा क्रमांक विचार. पुस्तक सरकारजमा करायचं तर राज्य सरकारला त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 98 खाली कारणांसह अधिसूचना काढावी लागते, आणि दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात तिला आव्हान देता येतं. अधिसूचना असेल तर पुस्तक मांडणीवरून काढावंच लागेल. ती नसेल तर बंदीही नाही. शिवाय बंदी उठूही शकते: शिवाजी महाराजांवरच्या एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकाविरुद्धची महाराष्ट्र सरकारची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयानं 2007 मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये तो निकाल कायम ठेवला. त्याच पुस्तकावरून 5 जानेवारी 2004 रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला होता. संस्थेनं ते छापलेलं नव्हतं, नाव फक्त आभारांत होतं. म्हणून जमाव आला तर काउंटरवर वाद घालू नकोस. निवेदन घे, पोच दे, 112 ला फोन कर, वाचकांना आणि सहायकांना मागच्या दारानं काढ. पुस्तकाचा निर्णय त्या दिवशी घ्यायचा नाही, एवढंच धर.

सोबत ठरावाचा मसुदा आणि आक्षेप अर्जाचा नमुना पाठवते आहे. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत दोन्ही एकाच विषयाखाली घालू नकोस, नाहीतर कादंबरीवरच्या चर्चेत नोंदींचा ठराव बारगळेल. नोंदींचा आधी घे. आणि संगणकाच्या देखभालीचा करार मार्चमध्ये नूतन होईल तेव्हा पुरवठादाराकडून लेखी घे की परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी त्याच्याकडे कुठं आणि किती दिवस राहतात, आणि करार संपल्यावर त्याच्याकडची प्रत कोण पुसणार.

तुझी,
एक जुनी ग्रंथपाल