महिला लष्करी अधिकाऱ्याचं आयुष्य प्रत्यक्षात कसं असतं? तिचा संसार होतो का?

तुमची मुलगी बारावीत आहे, एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) परीक्षा द्यायची म्हणते आणि घरात सगळ्यांना संसाराची काळजी पडली आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी स्वतः फौजेत नाही. इंदूरला रामबागेत आमचा छापखाना आहे, वडिलांच्या वेळेपासूनचा. बायको सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या दळणवळणाच्या शाखेत, लेफ्टनंट कर्नल आहे. तेव्हा निदान संसाराबद्दल तरी बोलायचा मला अधिकार आहे.

आमचं लग्न २०१० चं. पत्रिका अर्थात मीच छापली आणि पहिली अडचण तिथेच आली. 'चि. सौ. कां.' नंतर 'कॅप्टन' घालायचं की नाही? काकांचं म्हणणं, नवरीला हुद्दा आणि नवरदेव नुसताच 'चि.', हे बरं दिसत नाही. सासरे म्हणाले, तिने कमावलाय, राहू द्या. राहिला. लग्नात मात्र हेच काका प्रत्येक पाहुण्याला धरून धरून 'आमची कॅप्टन सून' दाखवत होते.

काम म्हणाल, तर सिनेमात दिसतं त्यातलं फार थोडं असतं. पहाटे पीटी, मग ऑफिस, संध्याकाळी खेळ. हाताखाली शंभर-सव्वाशे जवान असले की निम्मा दिवस त्यांच्या घरच्या भानगडींत जातो. कुणाची रजा, कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाच्या शेताच्या बांधावर भावकीने केलेलं अतिक्रमण. मग त्या जिल्ह्याच्या कलेक्टरला पत्र लिहा. तिची अशी कितीतरी पत्रं मी पाहिली आहेत. तिच्या पहिल्या युनिटमधले सुभेदार हरियाणातल्या खेड्यातले, वयाने तिच्या दुप्पट. ते तिला सॅल्यूट करायचे आणि ती त्यांना 'साहब' म्हणायची. फौजेत रीतच तशी आहे. हे सांगण्याचं कारण पुढे येईल.

बदली दर दोन-तीन वर्षांनी. त्यातही पीस (शांत ठिकाणची छावणी) आणि फील्ड (सीमेकडचा भाग) असे दोन प्रकार. फील्डला कुटुंब नेता येत नाही. नवरा-बायको दोघेही फौजेत असतील तर एका ठिकाणी ठेवायचा प्रयत्न तरी होतो. माझा छापखाना काही लडाखला जाणार नव्हता. २०१५ ला ती तिकडे गेली तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. पोर माझ्याकडे आणि माझ्या आईकडे राहिली. गंमत बघा, अख्ख्या ब्रिगेडचं दळणवळण जिच्या हातात, तिचा घरी फोन लागायचा आठवड्यातून एकदा, आणि लागला की मुलगी झोपलेली. आईने शेवटी नियमच केला: फोन आला की पोरीला उठवायचं, मग ती रात्रभर जागली तरी चालेल.

लडाखला जायच्या आधीची एक गोष्ट सांगतो. फौजी माणसाचं सामान काळ्या लोखंडी पेट्यांतून फिरतं आणि पेटीवर पांढऱ्या रंगात हुद्दा आणि नाव असतं. बढती झाली की जुना हुद्दा पुसून नवा घालायचा. ती कॅप्टनची मेजर झालेली, पेट्या इंदूरला. मी दोन पेट्या टेम्पोत टाकून महूच्या, म्हणजे इंदूरजवळच्या लष्करी छावणीच्या, बाजारात घेऊन गेलो, कारण तिथल्या पेंटरांना ही अक्षरं डोळे मिटून येतात. पेंटर ब्रश बुडवत म्हणाला, "नाम बताइए साहब." मी फोनवर कुणाशी तरी कागदाच्या भावावरून वाद घालत होतो, नाव सांगून मोकळा झालो. माझं. अर्ध्या तासाने बघतो तर माझ्या नावाआधी 'मेजर'! ती इतकी हसली की पुसूच दिलं नाही. ती पेटी लडाखला जाऊन आली. आता आमच्याकडे तिच्यात गणपतीच्या सजावटीचं सामान असतं.

पण तुम्ही खरा त्रास कशाचा असं विचाराल, तर बदल्यांचा नाही, वर्षं मोजण्याचा. महिला अधिकाऱ्यांची पहिली तुकडी चेन्नईच्या ओटीए या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून १९९३ ला बाहेर पडली (डॉक्टर आणि नर्सिंगमध्ये बायका त्याच्या खूप आधीपासून होत्या), पण नोकरी शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक वर्षांपुरती. आधी पाच वर्षं, मग वाढत वाढत चौदा. पेन्शनला लागतात वीस. म्हणजे चौदा वर्षं मन लावून काम करायचं आणि सदतिसाव्या-अडतिसाव्या वर्षी पेन्शनशिवाय घरी. २००८ ला फक्त कायदा आणि शिक्षण या दोन शाखांत पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, खुलं झालं. बायको २००७ ला अधिकारी झालेली, म्हणजे २०२१ ला बाहेर. आमची सगळी गणितं, घराचं कर्ज धरून, त्या सालापाशी येऊन थांबायची.

१७ फेब्रुवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने महिला अधिकाऱ्यांच्या बबिता पुनिया खटल्याचा निकाल दिला आणि शॉर्ट सर्व्हिसच्या बायका ज्यांत होत्या त्या दहाही शाखांत पर्मनंट कमिशनचा रस्ता उघडला. त्या खटल्यात सरकारतर्फे एक मुद्दा असा होता की जवान बहुतेक खेड्यांतून येतात, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी नसते. कोर्टाने तो फेटाळला. आमच्या घरी त्या संध्याकाळी त्या सुभेदारांचा फोन आला होता, रिटायर होऊन गावी गेलेले. "मैडम, बधाई हो."

त्यानंतर पर्मनंट कमिशनसाठी निवडीचं बोर्ड बसलं आणि वयाच्या चाळिशीकडे झुकलेल्या बायका मेडिकलसाठी पुन्हा पळायला लागल्या. आमचीही, रोज पहाटे. तिचं नाव यादीत आलं. ज्यांचं आलं नाही त्यांतल्या काही पुन्हा कोर्टात गेल्या, आणि २५ मार्च २०२१ च्या निकालात कोर्टाने बरोबर मर्मावर बोट ठेवलं: यांना पुढे ठेवायचंच नाही असं धरून वर्षानुवर्षं यांचे गोपनीय अहवाल लिहिले गेले, आणि आता तेच अहवाल काढून यांना तोलता? मला हा पहिल्या निकालापेक्षा मोठा वाटतो.

तुमच्या मुलीला अशी वर्षं मोजावी लागणार नाहीत, कारण एनडीएतून गेलं की पर्मनंट कमिशनच मिळतं. तिथे मुलींना २०२२ पासून प्रवेश आहे आणि पहिल्या १७ जणी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडल्या. २०२३ पासून तोफखानाही खुला झाला. पायदळ आणि रणगाडे अजून नाहीत. लेखी परीक्षेनंतर एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखती-चाचण्यांचे, पाच दिवस असतात. तिथे पाठ करून गेलेली मुलं लगेच ओळखू येतात, असं बायको सांगते. क्लासला हजारो रुपये घालण्याआधी पोरीला रोज पळायला लावा.

शेवटी तुम्ही जरा चाचरतच विचारलंय की अशा मुलीला स्थळं येतात का. माझ्या सासऱ्यांकडे माझ्याआधी पाच जण येऊन गेले होते आणि पाचही जणांनी विचारलं होतं, लग्नानंतर नोकरी सोडणार ना? मला ते विचारायचं सुचलं नाही. मी एवढंच विचारलं की महूचं पोस्टिंग मिळतं का, आमच्या घरापासून पाऊण-एक तासावर आहे. मिळतं, म्हणाली. मिळालं २०१८ ला.