लिलावातलं लंबकाचं घड्याळ

प्रश्न : लिलावाच्या यादीत युंगहान्स या जर्मन कंपनीचं भिंतीवरचं घड्याळ आहे. बोलीआधी काय पाहावं?

उत्तर : आधी तबकडी उतरवून दाखवायला सांगा. मागच्या पितळी पत्र्यावर आठ टोकांचा तारा व मध्ये 'जे' हवा. पेटीत स्क्रूची जास्तीची, रिकामी भोकं दिसली तर यंत्र बहुधा दुसऱ्या घड्याळातलं. पॉलिशला भुलू नका, ते कालचंही असतं! चाकांच्या आसांची भोकं लांबट झिजली असतील तर बुशिंग, म्हणजे झिजलेल्या भोकात नवी पितळी कडी बसवणं, करावं लागेल. नुसतं तेल घालून भागत नाही. टिकटिक लंगडी, म्हणजे असमान अंतराने, असेल तर घाबरू नका, बहुतेकदा घड्याळ तिरकं टांगलेलं असतं. बोली २०,००० वर थांबली आणि खरेदीदाराने लिलावगृहाला द्यायचं कमिशन १५ टक्के असेल, तर २३,००० झाले, कर वेगळा.