माल समुद्रात आणि नियम बदलला : अडकलेला वाटाणा सुटणार कसा?

प्रश्न : मी परदेशातून पिवळा वाटाणा मागवला. करार झाला आणि माल जहाजावर चढला, तेव्हा मालाला मिथिल ब्रोमाइड या कीडनाशक वायूची धुरी देण्याच्या अटीतून मुदतीची सवलत होती. जहाज वाटेत असताना ती मुदत संपली. फायटो सर्टिफिकेटवर (निर्यातदार देशाने दिलेला, माल कीडमुक्त असल्याचा दाखला) फॉस्फीन या दुसऱ्या वायूची धुरी लिहिली आहे, म्हणून न्हावा शेवाला प्लांट क्वारंटाइनने (आयात शेतमालातील कीड तपासणारे सरकारी खाते) माल सोडलेला नाही. बीएलची (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती) तारीख मात्र मुदतीच्या आतली आहे. बंदरात माल ठेवण्याचे भाडे रोज चढते आहे. नियम इतका झटपट बदललाच कसा? कोर्टात जावे का?

उत्तर : आज तरी नाही. आधी बीएलबद्दलचा गैरसमज दूर करू, कारण तुमचा सगळा भरवसा त्या तारखेवर दिसतो.

एखाद्या मालाच्या आयातीवर विदेश व्यापार धोरणाखाली नवे निर्बंध आले, तर आधी निघालेल्या मालाला काही अटींवर संरक्षण मिळते. २०२३ च्या धोरणात त्यासाठी परिच्छेद १.०५ आहे. व्यापाऱ्यांना तो तोंडपाठ असतो आणि तोच सगळीकडे चालेल असे ते धरून चालतात. तुमचा माल मात्र विदेश व्यापार महासंचालनालयाने अडवलेला नाही. तो अडकला आहे १९१४ च्या विनाशकारी कीटक व कीड अधिनियमाखाली काढलेल्या २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशात. दोन्ही कायद्यांचा हेतू वेगळा आहे. कीड माल उतरल्यावर पसरते, त्यामुळे इथे तपासणी होते ती बंदरात आलेल्या मालाची.

तरीही सवलतीचे मूळ पत्र मिळवा आणि शब्दन् शब्द वाचा. सीएचएने (तुमच्या सीमाशुल्क एजंटने) व्हॉट्सॲपवर पाठवलेला सारांश पुरेसा नाही. सवलत ‘अमुक तारखेपर्यंत जहाजावर चढलेल्या’ मालाला आहे की ‘अमुक तारखेपर्यंत भारतात पोहोचलेल्या’ मालाला? पहिले असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे आणि एका निवेदनावर काम व्हायला हवे. दुसरे असेल, तर बीएल दाखवत बसू नका.

मग खरा मार्ग प्लांट क्वारंटाइन आदेशाच्या कलम १४ चा. लोकहितार्थ अटी शिथिल करण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. अर्ज तिथे करा. बंदरावरच्या अधिकाऱ्याशी हुज्जत घालून उपयोग नाही, त्याला तो अधिकारच नाही. अर्जात सहानुभूती मागू नका, तांत्रिक मुद्दे मांडा. मिथिल ब्रोमाइडची धुरी थंडीत नीट काम करत नाही. धान्यासाठी नेहमीची मात्रा २१ अंश सेल्सिअस आणि वरच्या तापमानासाठी सांगितलेली असते. शिवाय हा वायू ओझोनचा थर खातो. माँट्रियल करारात क्वारंटाइनसाठी त्याला मुभा असली, तरी अनेक देशांनी त्याचा वापर आटोक्यात आणला आहे. म्हणून मूळ देशात ही धुरी का झाली नाही, ते लिहा, फॉस्फीनच्या धुरीचे प्रमाणपत्र जोडा आणि अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, तुमच्या खर्चाने इथे धुरी देण्याची तयारी दाखवा. कॅनडाच्या डाळींना अशा सवलती वर्षानुवर्षे मिळत आल्या. २०१७ पासून त्यासोबत पाचपट तपासणी शुल्काचा भुर्दंडही आला. तेवढ्या खर्चाची मनाची तयारी ठेवा. भाड्यापेक्षा तो बहुधा स्वस्तच पडेल.

भाड्याबद्दल कटू बातमी आहे. सरकारी खात्यामुळे उशीर झाला तरी माल ठेवणाऱ्याचे डेमरेज (माल वेळेत न उचलल्याचे भाडे) आयातदाराकडून वसूल होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ग्रँड स्लॅम प्रकरणात मान्य केले आहे. म्हणून सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४९ खाली माल गोदामात हलवण्याची परवानगी आजच मागा. मालात जिवंत कीड सापडली असेल, तर मात्र ती मिळणे अवघड.

आता कोर्ट. अटी न पाळता आलेला माल सीमाशुल्क कायद्यात ‘प्रतिबंधित’ ठरू शकतो. कलम १११(ड) खाली जप्ती आणि कलम ११२ खाली दंड. २०२१ च्या राज ग्रो इम्पेक्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाटाणा-डाळींच्या आयातदारांना माल देशात विकू दिला नाही. तिथे प्रश्न आयातीच्या कोट्याचा होता आणि त्यांनी उच्च न्यायालयांच्या अंतरिम आदेशांच्या जोरावर माल आणला होता. मुद्दा इतकाच, की घाईत मिळवलेल्या अंतरिम आदेशावर धंद्याची बैठक मांडू नये. सीमाशुल्काचा लेखी प्रतिकूल आदेश आलाच, तर कलम १२८ खाली ६० दिवसांत अपील करता येते. उच्च न्यायालयातली रिट याचिका त्यानंतरची, किंवा कलम १४ चा अर्ज कुणी हातच न लावता ठेवला तर.

नियम इतका झटपट कसा बदलला, असे तुम्ही विचारता. जागतिक व्यापार संघटनेच्या एसपीएस करारात (अन्नसुरक्षा आणि कीड-रोग नियंत्रणाच्या नियमांचा करार) नवा नियम जाहीर करणे आणि लागू करणे यात वाजवी अंतर अपेक्षित आहे. २००१ च्या दोहा निर्णयाने ते साधारण सहा महिने धरले. पण तो करार देशादेशांतला. शिवाय इथे नियम बदललेलाच नाही, जुन्या नियमावरची सवलत संपली. तिची शेवटची तारीख पहिल्या दिवसापासून कागदावर होती.

विक्रेत्याकडून भरपाई? करार सीआयएफ (किमतीत विमा आणि जहाजभाडे धरलेला) असेल, तर आयातीच्या अटी पाळणे सहसा खरेदीदाराचे काम. पण ‘पोहोचण्याच्या देशाच्या नियमांनुसार धुरी देऊ’ असे कलम असेल, तर आजच लेखी नोटीस पाठवा. गाफ्टा या धान्य व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नमुन्यातील करारांत दाव्याच्या मुदती कडक असतात. खर्च वाढला म्हणून करार मोडीत निघाला, हा युक्तिवाद २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालानंतर टिकणे कठीण आहे.

कराराची प्रत, फायटो आणि सवलतीचे पत्र घेऊन या आठवड्यात वकिलाला भेटा. क्वारंटाइनने नकार फक्त तोंडी दिला असेल, तर त्याआधी तो लेखी मागून घ्या.