सळईचं बंडल सुटलं, तर जबाबदार कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाघोलीच्या साइटवर हायड्राने, म्हणजे वजन उचलून चाकांवर चालणाऱ्या क्रेनने, सळईचं बंडल उचललं आणि मधल्या सळया घसरून खाली आल्या. सुदैवाने कोणाला लागलं नाही. आता ऑपरेटर रिगरकडे, म्हणजे वजन बांधून हुकाला अडकवणाऱ्याकडे, बोट दाखवतो, रिगर म्हणतो ऑपरेटरने झटका दिला आणि ठेकेदार म्हणतो क्रेन भाड्याची आहे.

कायद्यापुरतं उत्तर सरळ आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कलम ४४ मध्ये सतत, पुरेशी देखरेख ठेवून अपघात टाळण्याची जबाबदारी मालकावर, म्हणजे कामगारांना कामावर ठेवणाऱ्यावर, टाकली. २०२० च्या कामगार सुरक्षेच्या संहितेतही मुख्य कर्तव्यं मालकाचीच आहेत. क्रेन भाड्याची आहे म्हणून साइटला हात झटकता येत नाहीत.

पण बंडल हवेत असताना खाली उभ्या माणसाला कलम वाचवत नाही. बांधणी हे रिगरचं काम, आणि पुण्यातल्या साइटवर सर्रास दिसणारा प्रकार म्हणजे बंडलाला कारखान्यातून आलेल्या तारेतच हुक अडकवणं. ती तार सळया एकत्र राहाव्यात म्हणून असते, वजन पेलायला नाही. १२ मीटरच्या बंडलाला दोन ठिकाणी स्लिंग (वजन उचलायचा पट्टा किंवा दोर) हवी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन वेढे घेऊन फास. नुसती खालून स्लिंग घातली की सळया आवळल्या जात नाहीत, बंडल जरा कललं की मधल्या निसटतात. तुमच्याकडे बहुधा हेच झालं. दोन स्लिंगमधला कोनही बघा. ६० अंशांत प्रत्येकीवर वजनाच्या साधारण ५८ टक्के ताण येतो, १२० अंशांत प्रत्येकीवर अख्ख्या वजनाएवढा.

वजन किती, हे सांगणं तुमचं, म्हणजे इंजिनिअरचं काम. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचे किलो, हे सूत्र तुम्हाला पाठच असेल. १६ मिमीची १२ मीटर सळई जवळपास १९ किलो भरते, म्हणजे १०० सळया १९०० किलो. हा आकडा ऑपरेटरला आधी कळला, तरच तो लोड चार्ट, म्हणजे क्रेन कुठल्या स्थितीत किती उचलते याचा तक्ता, बघेल. १४ टनी हायड्रा १४ टन उचलते ते बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, जवळ असताना. बूम लांबवली की क्षमता झपाट्याने उतरते. चार्टबाहेरचं वजन नाकारणं ही ऑपरेटरची जबाबदारी आहे.

जमीन साइटची. हायड्रा वजन घेऊन चालते आणि काळ्या मातीत एका पावसानंतर तिचं चाक खचतं. वाटेवर मुरूम टाकून, दाबून घ्या. बंडल हाताने धरून हायड्रापुढे चालणारा हेल्पर दिसला, तर काम तिथेच थांबवा. त्याच्या हातात लांब दोर द्या आणि त्याला बाजूने चालू द्या.

इशारे एकानेच द्यायचे. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणावं, अगदी झाडणाऱ्या मावशींनीही, आणि ऑपरेटरने लगेच थांबावं.

माझी खरी कळकळ ऑपरेटरबद्दल आहे. तासाचं भाडं चालू असतं, सुपरवायझर मागे लागलेला असतो, अशा वेळी ‘नाही उचलणार’ म्हणायला त्याला तुमचा आधार लागतो. तो नाही म्हणाला, तर क्रेनमालकाकडे त्याची तक्रार करू नका. बंडल फोडा आणि दोन फेऱ्यांत उचला.