होमस्टेड सवलत मंजूर झाली, पण हप्ता का उतरला नाही?

अमेरिकेत गृहकर्ज असलेल्या बहुतेक घरमालकांच्या मासिक हप्त्यात मुद्दल आणि व्याजाबरोबर वर्षाच्या प्रॉपर्टी टॅक्सचा आणि घराच्या विम्याचा बारावा हिस्साही असतो. कर्जाचा हिशेब सांभाळणारी कंपनी, म्हणजे सर्व्हिसर, ही रक्कम एस्क्रो खात्यात साठवते आणि बिले आली की त्यातून भरते. करातल्या सवलतीचा, विशेषतः मालक स्वतः राहत असलेल्या घराला मिळणाऱ्या होमस्टेड सवलतीचा, या खात्यावर काय परिणाम होतो, याविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो. होमस्टेड सवलत मंजूर झाल्याचे पत्र जूनमध्ये आले, तरी हप्ता तेवढाच आहे. चूक कोणाची?

चूक कोणाचीच नाही. ते पत्र सर्व्हिसरकडे गेलेलेच नाही. सवलत काउंटीचे अप्रेझल डिस्ट्रिक्ट, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणारे कार्यालय, देते, त्यानुसार बिल टॅक्स कार्यालय काढते, आणि टेक्ससमध्ये ती बिले साधारण ऑक्टोबरमध्ये निघून ३१ जानेवारीपर्यंत भरायची असतात. सर्व्हिसरला सवलत कळते ती या बिलावरूनच. त्यानंतरही हप्ता लगेच बदलत नाही, कारण केंद्रीय नियमांनुसार एस्क्रोचा आढावा वर्षातून एकदा घेणे बंधनकारक आहे आणि आपल्या खात्याचा आढावा ज्या महिन्यात ठरला असेल तोपर्यंत जुनाच हिशेब चालू राहतो.

किती फरक पडेल याचा अंदाज आपल्याला आधीच बांधता येतो. टेक्ससमध्ये शाळा-जिल्ह्याच्या, म्हणजे स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, करासाठीची सवलत २०२५ या करवर्षापासून १ लाखावरून १ लाख ४० हजार डॉलर झाली आहे. ही रक्कम घराच्या करपात्र किमतीतून वजा होते, करातून नव्हे. आपल्या शाळा-जिल्ह्याचा दर १०० डॉलरमागे १.२० डॉलर धरला, तर वर्षाला १,६८० डॉलर, म्हणजे महिन्याला १४० डॉलर वाचतात. मंजुरीचे पत्र आणि नवे बिल सर्व्हिसरला पाठवून एस्क्रोचा आढावा मुदतीआधी घेण्याची लेखी विनंती करावी. कंपनीवर तसे बंधन नाही, पण विचारून पाहण्यासारखे नक्कीच आहे. मात्र सवलत मिळाली म्हणून स्वतःच्या हिशेबाने कमी हप्ता भरू नये. तो अपुरा हप्ता धरला जातो आणि उशिराचा दंड लागू शकतो.

प्रश्न : फ्रिस्कोत नवे घर बांधून घेतले. व्याजदर स्थिर आहे, होमस्टेडही मिळाले, तरी दुसऱ्या वर्षी हप्ता महिन्याला हजार डॉलरहून अधिक वाढला. हे कसे शक्य आहे?

या प्रश्नाकडे नवे घर घेणाऱ्या प्रत्येकाने लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते, कारण सवलतीच्या आनंदात हा खड्डा दिसत नाही. टेक्ससमध्ये मालमत्तेची किंमत १ जानेवारीच्या स्थितीवरून ठरते. त्या दिवशी प्लॉट रिकामा असेल, तर त्या वर्षीचा कर फक्त जमिनीवर बसतो. समजा तो २,४०० डॉलर आला आणि सर्व्हिसरने त्याच आधारावर महिन्याला २०० डॉलर घेतले. पुढच्या वर्षी घर उभे असल्यामुळे सवलत वजा जाऊनही बिल ९,००० डॉलर झाले. आता दरमहा ७५० डॉलर लागतील. शिवाय हे बिल भरताना कमी पडलेले ६,६०० डॉलर १२ महिन्यांत वसूल करायचे, म्हणून आणखी ५५०. एस्क्रोचा भाग २०० वरून १,३०० वर जातो. तूट भरून निघाली की तो ७५० च्या आसपास उतरतो. सर्व्हिसरला दोन महिन्यांच्या रकमेइतकी राखीव शिल्लक ठेवण्याचीही मुभा आहे, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा अधिक असू शकतो.

नव्या बांधकामासाठी परिसरातल्या तशाच घरांच्या करावरून अंदाज बांधण्याची परवानगी नियमांत आहे. म्हणून कर्जाची कागदपत्रे करतानाच पूर्ण घराच्या कराप्रमाणे रक्कम घेण्यास सांगावे. त्यातही एक अडचण आहे. पहिले बिल लहान आले की खात्यात जादा रक्कम दिसते, आणि ती ५० डॉलर किंवा त्याहून अधिक असेल, हप्ते थकलेले नसतील, तर सर्व्हिसरला आढाव्यानंतर ३० दिवसांत ती परत करावीच लागते. तो धनादेश बक्षीस समजून खर्च करू नका. पुढच्या वर्षीच्या बिलासाठी बाजूला ठेवा.

करपात्र किंमत वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढू न देणारी मर्यादाही होमस्टेडमुळे मिळते, परंतु ती पात्रतेच्या पहिल्या वर्षानंतर लागू होते आणि नव्या बांधकामाला लागू होत नाही. वरचा धक्का तिने टळत नाही.

प्रश्न : आम्ही एच-१बी व्हिसावर आहोत. होमस्टेडसाठी अर्ज करता येईल का? अर्ज भरून देण्यासाठी शुल्क मागणारी पत्रेही आली आहेत.

टेक्ससमध्ये नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डची अट नाही. घर आपल्या मालकीचे, मुख्य निवासाचे असावे आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याच घराचा पत्ता असावा. फ्लोरिडात मात्र कायमच्या वास्तव्याची अट असल्याने तात्पुरत्या व्हिसावर सहसा ही सवलत मिळत नाही. अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे अर्ज विनाशुल्क करता येतो, त्यामुळे अशा पत्रांना पैसे देऊ नयेत.

प्रश्न : एडिसनला राहतो. न्यू जर्सीच्या अँकर या प्रॉपर्टी टॅक्स-सवलत योजनेचे पैसे मिळाले. एस्क्रो कमी होईल का?

नाही. अँकरची रक्कम राज्य सरकार थेट आपल्याला देते. नगरपालिकेचे बिल पूर्वीइतकेच राहते आणि एस्क्रो बिलावर चालतो.

प्रश्न : पुण्याला कायमचे परतलो. ऑस्टिनचे घर भाड्याने दिले आहे, होमस्टेड अजून चालू आहे. तसेच राहू दिले तर?

राहू देऊ नका. मुख्य निवास बदलला की अप्रेझल डिस्ट्रिक्टला लेखी कळवणे हे मालकाचे काम आहे. या कार्यालयांनी दर ५ वर्षांत किमान एकदा पात्रता पडताळावी, असे टेक्ससच्या २०२३ च्या कायद्यात आहे, आणि चुकीने मिळालेली सवलत मागच्या ५ वर्षांपर्यंत रद्द करून फरकाचा कर आकारता येतो. तो फरक सर्व्हिसरने भरला, तर एस्क्रोत मोठी तूट येऊन आपण परदेशात असताना हप्ता वाढेल. सवलत काढल्याचे पत्र सर्व्हिसरलाही पाठवा, आणि घर भाड्याने दिल्याचे विमा कंपनीला कळवा, कारण त्या विम्याचा हप्ताही याच खात्यातून जातो. भाडे ठरवताना सवलतीविना येणारा पूर्ण कर धरूनच हिशेब करावा.