बेल वाजली की भुंकणं, जवळ गेलं की गुरगुरणं

प्रश्न : आमची देशी कुत्री तीन वर्षांची आहे. फ्लॅट चौथ्या मजल्यावर. बेल वाजली की दारावर झेप आणि पाच-पाच मिनिटं भुंकणं. ओरडलं की तिला आणखी जोर चढतो. सोसायटीच्या दोन नोटिसा आल्या आहेत. (ठाणे)

उत्तर : तुम्ही ओरडता तेव्हा तिच्या लेखी तुम्हीही भुंकत असता. शिवाय तिचा हिशेब पक्का आहे : बेल वाजली, मी भुंकले, कुरिअरवाला पळाला. तो पाकीट देऊन जाणारच होता, हे तिला कोण सांगणार? दिवसातून चार-पाच वेळा ती जिंकते, मग वयानुसार ही खोड आपोआप कशी सुटेल?

आधी बेलचा विषयच काढू नका. दारापासून दहा-बारा फुटांवर एक सतरंजी टाका. खाऊचा तुकडा सतरंजीवर टाकायचा. ती चारही पाय ठेवून उभी राहिली की दुसरा, बसली की तिसरा. आठवडाभर रोज तीन वेळा, पाचच मिनिटं. ती आपणहून तिकडे जायला लागली की मगच ‘जागेवर’ हा शब्द जोडा. खाऊ म्हणजे बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. बिस्किटं नकोत. दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा खाऊ जास्त होऊ देऊ नका आणि तेवढं जेवण कमी करा.

मग तुमच्याच बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि इतका बारीक लावा की तिचे कान हलतील, पण ती भुंकणार नाही. आवाज, एक सेकंद थांबा, खाऊ. बहुतेकांचं घोडं इथे अडतं, कारण बेलच्या आधीच हात खाऊच्या डब्यात जातो. मग ती हाताकडे लक्ष ठेवायला शिकते, बेल तिच्यासाठी होती तशीच राहते. एका वेळी दहा आवाज पुरे. आवाज आल्यावर ती दाराऐवजी तुमच्या तोंडाकडे बघायला लागली की मोबाइलचा आवाज एक घर वाढवा. भुंकली तर दोन घरं खाली या. पूर्ण आवाजाला शांत राहिली की आवाजापाठोपाठ ‘जागेवर’ म्हणा आणि खाऊ सतरंजीवरच द्या. पुढे खरी बेल, आधी घरच्या माणसाने बाहेरून वाजवलेली, पाहुणे सगळ्यांत शेवटी.

हे चालू आहे तोवर दारावर ‘बेल वाजवू नये, फोन करावा’ अशी चिठ्ठी लावा. नाहीतर सकाळी कमावलेलं दुपारचा कुरिअरवाला बुडवतो.

नोटिशींबद्दल : भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांनुसार भुंकण्याचं कारण दाखवून सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही. पण शेजाऱ्यांना झोपही हवी असते. काय उपाय चालू आहेत ते सेक्रेटरींना लेखी कळवा, निम्मा राग तिथेच उतरतो.

प्रश्न : दीड वर्षाचा लॅब्रॅडोर खाताना किंवा हाड चघळताना जवळ गेलं की गुरगुरतो. घरात सहा वर्षांचा नातू आहे. एकाने सांगितलं, खाताना भांड्यात हात घालून सवय लावा, गुरगुरला तर फटका द्या. (सांगली)

उत्तर : तो सल्ला आजच सोडा. गुरगुरणं ही सूचना आहे. फटक्याने सूचना बंद होते, हिसकावलं जाण्याची धास्ती वाढते. मग एक दिवस न गुरगुरता दात लागतात आणि लोक म्हणतात, ‘काही कारण नसताना चावला.’ खरं तर गुरगुरण्याच्याही आधी खुणा असतात. चघळता चघळता तो एकदम थिजतो, मान भांड्यावर आणखी खाली जाते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, घास भराभर गिळले जातात. घरातल्या प्रत्येकाला हे ओळखता आलं पाहिजे.

हाडं बंद. शिजवलेलं हाड तसंही देऊ नये, त्याच्या कपच्या आतड्यात रुततात. जेवण वेगळ्या खोलीत, दार लावून. भांडं रिकामं होऊन उचललं गेल्याशिवाय नातवाने आत जायचं नाही. सराव फक्त मोठ्यांनी करायचा. तो नेहमीचं खाणं खात असताना सात-आठ फुटांवरून जा, जाता जाता चिकनचा तुकडा भांड्याकडे टाका आणि न थांबता निघून जा. निघून जाण्यातच सगळं आहे. थांबून कौतुक करत बसलात तर त्याला पुन्हा पहारा द्यावासा वाटतो. पावलं ऐकून तो मान वर करून, सैल अंगाने तुमची वाट बघायला लागला की अर्धा फूट जवळ. थिजला, तर तुम्ही घाई केलीत, मागे या.

गुरगुरणं अलीकडेच सुरू झालं असेल तर दात आणि कान व्हेटला दाखवा, दुखण्यामुळेही कुत्री अशी वागतात. आधी कधी चावला असेल तर हा सराव घरच्या घरी नको. दात लागलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, कुत्र्याची लस झालेली असली तरी.

प्रश्न : तीन महिन्यांचं पिल्लू रोज हॉलमध्ये एकाच जागी शू करतं. फिनेलने पुसतो, नाकही घासून झालं. (नाशिक)

उत्तर : फिनेलने वास आपल्याला येईनासा होतो, त्याला येतच राहतो. पेट शॉपमध्ये एन्झाइमचं क्लीनर मिळतं; ते ओतून बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ राहू द्या, मग पुसा. नाक घासल्यावर पिल्लू एवढंच शिकतं की माणसांसमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागे जातं.

झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळ थांबल्यावर आणि एरवी जागं असताना दर दोन तासांनी बाहेर न्या. खाऊ तिथेच, शू संपता क्षणी; घरी परतल्यावर दिला तर तो घरात शिरल्याचा होतो. आणि शू झाली की लगेच वर आणू नका, पाच मिनिटं फिरवा. शू केली की फिरणं संपतं हे पिल्लांच्या लवकर लक्षात येतं, मग ती खाली रोखून धरतात आणि लिफ्टमधून बाहेर पडताच मोकळी होतात.